जांभळं मेण

दुकानाच्या काचेच्या दारावर आपल्याच नवऱ्याचं तोंड पाहून हिलेवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आली होती दूध आणि यीस्ट घ्यायला. दारावर हा भला थोरला रंगीत कागद चिकटवलेला. डाव्या बाजूला सिक्स्तन पंचविशीतला, मिशांवर बर्फ, गळ्यात विजेत्याचा हिरवा हार. उजव्या बाजूला सिक्स्तन आत्ताचा, सत्तरीला टेकलेला, तसाच लाजत हसणारा. आणि दोघांच्या खाली जाड अक्षरांत: 'जास्त जगायचंय? मग मोठ्या शर्यतीत या.' त्याखाली गावच्या स्की क्लबाचं चिन्ह.

आजूबाजूला कोण आहे हे तिने पाहिलं नाही. कागदाचा कोपरा नखाने उचकटला आणि ओढला. अर्धाच निघाला. म्हातारा सिक्स्तन हातात आला, तरुण दारावरच राहिला.

"पेट्रोल पंपावर अजून एक आहे," मागून आवाज आला. मार्गित होती. रुनेची बायको, म्हणजे गेली काही वर्षं रुनेची विधवा. हातात बटाट्यांची पिशवी.

"गाडीत बस," हिलेवी म्हणाली.

दोघींनी मिळून ओर्सबीन गावातले सगळे कागद काढले. पंपावरचा, वाचनालयातला, चर्चच्या फलकावरचा. चर्चपाशी मार्गित जरा कचरली.

"इथला राहू दे का? देवाच्या दारातला आहे."

"देवाला कसली आलीय जास्त जगायची घाई," हिलेवी म्हणाली आणि टाचण्या उपटल्या.

हा राग एका दिवसाचा नव्हता. एके काळी देशाच्या रिले संघात या एका गावचे चार जण होते. सिक्स्तन त्यातला, रुनेही. बाकीच्या दोघांतला एक अजून जंगलात झाडं तोडतो आणि चौघांचं जेवण एकटा जेवतो. दुसऱ्याच्या छातीत डॉक्टरांनी बॅटरी बसवली आहे. रुने मात्र साठी नुकतीच ओलांडलेली असताना, सरावाच्या वाटेवर, एका वळणावर बर्फात बसला तो उठलाच नाही. ना दारू, ना सिगरेट, ना पोटाला चरबी. त्याच्या मयताला क्लबाचा अध्यक्ष लेनार्ट उभा राहिला आणि म्हणाला, "रुने त्याच्या सर्वांत आवडत्या जागी गेला." सगळ्यांनी रुमाल काढले. नंतर भांडी विसळताना मार्गित हिलेवीला म्हणाली होती, "त्याची आवडती जागा स्वयंपाकघरातली खिडकी होती. पण मला कोणी विचारलंच नाही."

आणि गेल्या शरदात सिक्स्तनचं काळीज ठेका चुकायला लागलं. जुन्या ट्रॅक्टरसारखं, मध्येच भरभर, मध्येच गप्प, मग परत चालू. असं झालं की तो दोन बोटं मानेवर ठेवायचा आणि कुठेतरी लांब बघत उभा राहायचा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. आयुष्यभर एवढं रक्त उपसलं की काळजाचे वरचे कप्पे ताणले जातात, जुन्या शर्यतवाल्यांत हे पुष्कळदा दिसतं. गोळ्या घ्या, चाला, हळूहळू स्कीही करा, पण शर्यत आता नको. यातलं सिक्स्तनने नेमकं एवढंच ऐकलं, की स्की करा.

त्या आठवड्यात क्लबाने सभागृहात व्याख्यान ठेवलं होतं. शहरातल्या विद्यापीठातून प्रोफेसर लिंडेल नावाच्या बाई आल्या होत्या. हिलेवी पुढच्या रांगेत, भांडायच्या तयारीने हाताची घडी घालून बसली. पण बाई काही वाईट नव्हत्या, आणि याचाच तिला जास्त राग आला. शर्यती करणाऱ्या हजारो लोकांचा त्यांनी वर्षानुवर्षं माग ठेवला होता. दणकून व्यायाम करणारे त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा सरासरीने जास्त जगतात, त्या म्हणाल्या. लेनार्टने मान डोलावली. मात्र ज्यांनी फार शर्यती केल्या, फार जोरात केल्या, त्यांच्यात काळजाचा ठेका चुकण्याचं दुखणं जास्त आढळतं, त्या म्हणाल्या. लेनार्टची मान थांबली. "आणि शर्यतीमुळे ही माणसं जास्त जगतात, की मुळात दणकट असतात म्हणून शर्यतीपर्यंत पोचतात, हे मला अजून छातीवर हात ठेवून सांगता येत नाही." नेमके तेव्हाच वेलदोड्याचे गरम बन आले आणि हे शेवटचं वाक्य कोणाच्याच कानात शिरलं नाही.

हिलेवी उभी राहिली. "आमचा रुने तुमच्या मोजणीत आहे का?"

मागे खुर्च्या करकरल्या. प्रोफेसर बाईंनी चष्मा काढला. "आहे. त्याच्यासारखे गेलेले सगळे आहेत. पण खुर्चीत बसून, सिगरेटी ओढून त्याच्याहून लवकर गेलेलेही आहेत, आणि ते जास्त आहेत. सरासरी सगळ्यांना घेऊनच निघते."

"तुमच्या त्या सरासरीला छाती असते का?"

कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "नसते. म्हणून तिला कधी काही होत नाही. एका माणसाचं काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि सांगता येतं असं कोणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्या डॉक्टरांनी शर्यत नको म्हटलं असेल तर मीही नकोच म्हणेन."

खरं उत्तर मिळालं की राग शांत होतो असं लोक म्हणतात. हिलेवीचा झाला नाही. भांडायला आलेल्या बाईला समोरच्यानेच बरोबर ठरवलं, तर तिने आपला राग न्यावा कुठे? ती खाली बसतेय तोवर लेनार्टने माईक हातात घेतला.

"चर्चा छान झाली. आता आनंदाची बातमी. आपल्या मोठ्या शर्यतीचं यंदा महोत्सवी वर्ष. जुन्या रिले संघाचा मान राखायला, पहिल्या रांगेतून धावणार आहे आपला सिक्स्तन."

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. सिक्स्तन शेजारच्या खुर्चीवरून अर्धवट उठला, टोपी हातात चुरगाळत हसला, आणि बसताना बायकोकडे बघायचं त्याने टाळलं. नाव नोंदवून आला होता. घरी एक अक्षर बोलला नव्हता.

घरी आल्या आल्या स्वयंपाकघरात हिलेवीने कॉफीचं भांडं असं आदळलं की झाकण उडालं.

"लेनार्टला माहीत, अख्ख्या गावाला माहीत. बायको तेवढी परकी."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. म्हणतेय. नको."

सिक्स्तनने झाकण उचलून भांड्यावर बसवलं. तो कधी आवाज चढवत नसे. भांडणात त्याचा हाच मोठा अन्याय होता. "बाई काय म्हणाल्या ऐकलंस ना? आम्ही लोक जास्त जगतो."

"'आम्ही' जगता. तू किती जगशील ते नाही म्हणाल्या त्या. आणि रुने कोण होता, 'तुम्ही'तला नव्हता?"

त्याने भांडं चुलीवर सरकवलं. मग म्हणाला, "हिलेवी, जास्त जगायला म्हणून मी कधी स्कीवर चढलो नाही. जास्त जगतात ही लेनार्टची भाषा. मला एकदा परत ती वाट जायची आहे. बास."

"आणि मी? मी शेवटच्या ठाण्यावर गरम सार घेऊन उभी राहू, आणि तू आलाच नाहीस तर लेनार्टचं भाषण ऐकू? तू आवडत्या जागी गेलास म्हणून?"

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला. चाळीस वर्षं या माणसाचे लोकरी मोजे वाळवले, चाळीस वर्षं याच्या वेळा सांभाळून जेवणं केली, आणि तिच्या एका 'नको'ला दारातल्या पायपुसण्याएवढी किंमत नव्हती. ती त्या रात्री पाहुण्यांच्या खोलीत झोपली.

पुढचे काही दिवस ती सगळ्यांना भेटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी लेखी सल्ला देऊ शकते, दोरीने बांधून ठेवू शकत नाही. लेनार्ट म्हणाला, "अगं, घोडा आहे अजून तो, उगाच काळजी करतेस." पाद्री म्हणाला, प्रार्थना करू. मुलगी फोनवरून म्हणाली, "आई, बाबांचं आयुष्य आहे ते." जो तो तिला समजावत होता. सिक्स्तनला समजवायला कोणी तयार नव्हतं.

तेव्हा उरलं मेण.

हिलेवीचा बाप हाल्वार देशाच्या संघाचा मेणवाला होता. स्कीच्या मधल्या भागाला, पायाच्या बरोबर खाली, तो मेण लावायचा. पाय दाबला की त्या मेणाने बर्फ धरायचा, पाय सुटला की सोडायचा. सगळी कला एवढीच. गार कोरड्या बर्फाला कडक निळं मेण, शून्याच्या आसपासच्या ओलसर बर्फाला मऊ जांभळं. ओर्सबीनमध्ये अजून म्हणतात, बायको करताना सासऱ्याचं मेण बघावं. सिक्स्तनने बघितलं होतं. बाप गेल्यावर सिक्स्तनच्या स्कीला मेण हिलेवीच लावायची, आणि तिने मेण लावलेल्या स्की तो उलटून बघत नसे. बाकीचे खिशात मेणाची डबी घेऊन निघायचे, वाटेत हवा बदलली तर असावी म्हणून. सिक्स्तनने आयुष्यात डबी बाळगली नाही. बाळगली असती तर घरच्या मेणावर भरवसा नाही, असा गावाने अर्थ काढला असता. हाल्वार मुलीला सांगायचा, "पाद्र्याशी एक वेळ खोटं बोललीस तरी चालेल. मेणात खोटं बोलायचं नाही."

शर्यतीच्या आदल्या दुपारी हिलेवी मेणाच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. रेडिओ सांगत होता, रात्रीतून ताजा बर्फ, उद्या दिवसभर उणे नऊ. निळ्याचा दिवस, शाळेतल्या पोरालाही कळेल. तिने निळ्याची डबी फळीवर परत ठेवली आणि जांभळी घेतली.

तिने सगळा विचार केला होता. फार कडक मेण लावलं तर पाय मागे घसरतो, मग माणूस हातांनी ओढत राहतो आणि काळजावर ताण येतो, ते नको. फार मऊ लावलं तर गार बर्फ स्कीला चिकटतो, गोठतो, तळव्याखाली ढेकळं होतात आणि माणूस उंच टाचा घातल्यासारखा पाय उचलत चालतो. नुसता उशीर होतो. आणि पहिल्या ठाण्यावर, काल्मीरला, वेळ संपली की वाटेवर आडवा दोर धरतात. दोराच्या अलीकडे राहिलेल्यांना घोंगड्या देऊन बसमध्ये बसवतात. त्या बसमध्ये बसलेलं आजवर कोणी मेलेलं नव्हतं.

तिने मेण घासलं. बुचाच्या ठोकळ्याने ते सारखं केलं. बापाचा जुना ॲप्रन खिळ्याला लटकत होता. तिने तो उलटा करून त्याचं तोंड भिंतीकडे केलं, आणि मग आपल्याच या वेडेपणाची तिला चीड आली. खोटं कोण बोललं होतं? नाव चोरून नोंदवणारा? दारादारावर कागद चिकटवणारे? की डोलणाऱ्या माना? इतक्या सगळ्या खरं बोलणाऱ्यांत तिला एकटीलाच खोट्याचा आधार घ्यावा लागला होता. तिने जांभळ्याचा दुसरा थर दिला.

सकाळी घरून निघताना थंडी होती. सुरुवातीच्या मैदानावर पोचेपर्यंत पश्चिमेकडून, नॉर्वेच्या डोंगरांवरून, वारा फिरला होता. हिलेवीच्या पापणीवर एक बर्फाचा कण पडला आणि पाणी होऊन गालावर उतरला. तिने वर पाहिलं. मोठमोठे, ओले, जड कण पडत होते. खांबावरचा तापमानाचा आकडा शून्याकडे सरकत होता.

सिक्स्तनने स्की चढवल्या, चार पावलं टाकली, परत आला. चेहरा फुलला होता. "धरतंय," तो म्हणाला. "काय धरतंय, हिलेवी." तिची टोपी वर सारून त्याने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. ती काही बोलायच्या आत बार झाला.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. काल्मीरच्या ठाण्यावर पोचेपर्यंत तिला ते पुरतं कळून चुकलं. वाटेच्या दोन्ही कडांना माणसं वाकून निळं मेण खरवडत होती. गावोगावचे तरबेज पोरगे चढावर मागे घसरत होते, शिव्या देत होते. रेडिओवर भरवसा ठेवलेल्या सगळ्यांच्या स्की आज चुकल्या होत्या. बरोबर स्की एकाच्याच होत्या. दोर धरणारा म्हातारा दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून आरामात कॉफी पीत होता, त्याची वेळ अजून खूप लांब होती, आणि तेवढ्यात चढावरून सिक्स्तन आला. पन्नाशीच्या माणसांना मागे टाकत, सरळ, सहज, पंचविशीतल्या फोटोतल्यासारखा.

लेनार्ट माईक घेऊन इथेच उभा होता. "मंडळी, सत्तरीचा सिक्स्तन. आणि आज सगळ्यांचं निळं फसलं असताना ज्या हाताने हे मेण लावलं तो हात इथेच उभा आहे. हाल्वारची मुलगी, हिलेवी." लोकांनी हातमोज्यांतून धप् धप् टाळ्या वाजवल्या. कोणी तिच्या पाठीवर थाप मारली. "हवामानखात्याला विकत घेतलंस काय गं?" एकजण म्हणाला. हिलेवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आभाळसुद्धा क्लबाचं सभासद निघालं.

सिक्स्तन समोरून गेला. काठी असलेला हात त्याने तिच्याकडे उंचावला. आणि मग थोडं पुढे गेल्यावर, कोणी बघत नाही असं वाटून, त्याने हातमोजा दातांनी ओढला आणि दोन बोटं मानेवर ठेवली. एका श्वासाभराने मोजा परत चढवला आणि वेग वाढवला.

पुढच्या ठाण्यापर्यंतचा रस्ता तिने कसा गाठला ते तिचं तिला ठाऊक. नोर्हेडेनला गाडी आडवीतिडवी लावून, सार वाटणाऱ्या पोरींच्या टेबलांमधून घुसून, ती सरळ वाटेत जाऊन उभी राहिली. स्वयंसेवक ओरडला, बाई, बाजूला व्हा. ती झाली नाही. तो आला तेव्हा ओठांच्या कडा निळसर दिसत होत्या आणि डोळे एखाद्या पोरासारखे चमकत होते.

"सरक ना," तो धापा टाकत हसला. "आयुष्यातल्या सर्वांत भारी स्की आहेत या. तुझ्या बापालाही नसत्या जमल्या."

"तुझा ठेका चुकतोय."

"थोडा. बसेल."

"सिक्स्तन, मेण मी काल दुपारी लावलंय."

"मग?"

"काल दुपारी उणे नऊ सांगत होते."

आधी त्याला कळलं नाही. मग त्याने एक पाय उचलला, अंगठ्याचं नख स्कीच्या तळव्यावर फिरवलं आणि नखातलं जांभळं डोळ्यांसमोर धरलं. हाल्वारच्या घरात जेवलेला माणूस होता. उणे नऊला जांभळं कोणी चुकून लावत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"तू," तो म्हणाला आणि थांबला. बाजूने माणसं जात होती, "चल रे सिक्स्तन" म्हणत होती. "तू मी अडकावं म्हणून लावलंस."

"हो. दोरापाशी अडकावास म्हणून. बसमध्ये बसावास म्हणून. तोंडाने सांगून थकले, म्हणून हाताने सांगितलं."

त्याचा चेहरा असा उतरला की तिला वाटलं, काळजाचंच काहीतरी झालं. पण तो खाली वाकला आणि स्कीच्या कड्या उघडल्या. एक. मग दुसरी. दोन्ही स्की बर्फात उभ्या रोवल्या.

"या स्कीवरून मी नाही जाणार," तो म्हणाला. "यांना मेण माझ्यासाठी लावलेलं नाही."

आणि बूट फताफत टाकत गाडीकडे चालू लागला. हिलेवी स्की खांद्यावर घेऊन मागून निघाली. माणूस थांबला याचं रडू यावं की कशासाठी थांबला याचा संताप, हे तिला कळेना. डॉक्टरसाठी थांबला नाही. रुनेकडे बघून थांबला नाही. चाळीस वर्षांच्या बायकोसाठी थांबला नाही. मेणाच्या अपमानासाठी थांबला. स्वतःच्या छातीपेक्षा स्कीचा तळवा याला मोठा. देवाने असली माणसं घडवावीत आणि प्रोफेसरांनी त्यांची सरासरी काढावी.

नाक्यावर तिने गाडी घराकडे न वळवता शहराच्या इस्पितळाकडे वळवली. त्याने अडवलं नाही. एवढं तिला पुरेसं होतं. तिथे त्यांनी त्याला लगेच आत घेतलं, विजेचा झटका देऊन ठेका परत जागेवर आणला. संध्याकाळी हिलेवीने तिथल्या डॉक्टरला विचारलं, "पुढे गेला असता तर?"

डॉक्टरने खांदे उडवले. "सांगता येत नाही. कदाचित पोचलाही असता."

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. इतकं सगळं करून, बापाचं नाव बुडवून, नवऱ्याचा भरवसा जाळून, तिला एवढंसुद्धा कोणी सांगणार नव्हतं की तू केलंस ते बरोबर केलंस.

सिक्स्तन शर्यतीला परत कधी गेला नाही. मेणाचा विषयही त्याने काढला नाही. फक्त पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी तो मेणाच्या खोलीत आला, डब्या हातात घेऊन बघत राहिला आणि म्हणाला, "ताज्या बर्फाला निळं, ना?" त्या दिवसापासून तो स्वतःच्या स्कीला मेण स्वतः लावू लागला. वाईट लावायचा; तळ्याभोवतीच्या छोट्या फेरीतसुद्धा घसरायचा. हिलेवी आणि मार्गित पुढे जाऊन त्याची वाट बघत उभ्या राहायच्या. त्याच्या स्कीला हात लावायची हिलेवीची हिंमत झाली नाही.

असे दहा हिवाळे गेले.

ऐंशीव्या वाढदिवसाला क्लब हिरव्या आवरणाचा केक घेऊन घरी आला. लेनार्टचे केस गेले होते, आवाज तसाच होता. "शर्यतीने घडवलेलं हे काळीज," तो म्हणाला. "प्रोफेसर लिंडेलबाईंच्या नव्या मोजणीतही सिक्स्तन आहे, बरं का. शर्यतवाल्यांत, जिवंतांच्या बाजूला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुरी हातात घेऊन हिलेवी उभी होती. जो माणूस थांबला म्हणून जगला, तोच आता न थांबणाऱ्यांच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभा केला जात होता, तिच्या बैठकीत, तिच्या टेबलक्लॉथवर. मार्गित खिडकीपाशी बसली होती. तिने हिलेवीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिच्या रुनेला त्या जिवंतांच्या बाजूला कोणी बसवणार नव्हतं.

"नवे कागद छापतोय," लेनार्ट म्हणाला. "ऐंशीचा फोटो टाकतो. खाली काय लिहू, सिक्स्तन? तुझ्या शब्दांत सांग, इतकं जगायचं गुपित."

"लिही, बायकोने चुकीचं मेण लावलं," सिक्स्तन म्हणाला.

खोली हसली. लेनार्ट सर्वांत जोरात हसला. "म्हणजे काय?"

"म्हणजे तिने थांबवलं. मी थांबणारा नव्हतो, तिने थांबवलं. रुनेला कोणी थांबवलं नाही, आपण सगळे टाळ्या वाजवत होतो. एवढं लिही."

आता कोणी हसलं नाही. लेनार्टने कप खाली ठेवला. "असं लिहिलं तर शर्यतीला येणार कोण?"

"ते तुझं तू बघ."

हिलेवीने केकमध्ये सुरी घातली.  तिने पहिला तुकडा मार्गितला दिला, दुसरा सिक्स्तनला, आणि लेनार्टला इतका पातळ दिला की त्यातून पलीकडचं दिसावं.

लेनार्टने ते लिहिलं नाही, हे सांगायला नको. सोमवारी हिलेवी आणि सिक्स्तन दूध आणायला गेले तर दुकानाच्या दारावर ऐंशीचा सिक्स्तन हसत होता, आणि खाली तेच जुनं वाक्य होतं, जाड अक्षरांत. हिलेवीने नख पुढे केलं.

"थांब," सिक्स्तन म्हणाला. "तुला नीट येत नाही. मागच्या वेळी अर्धा राहिला होता."

त्याने चारही कोपरे सावकाश सोडवले. या वेळी कागद अख्खा निघाला. त्याने घडी घालून तो काखेत धरला, गाडीपाशी जाऊन हिलेवीसाठी दार उघडलं आणि म्हणाला, "आधी मार्गितला घेऊ. मग पंपावर जाऊ. आणि घरी गेल्यावर त्या माझ्या स्की एकदा बघ बाई. गेली दहा वर्षं नुसता घसरतोय."